टाळीकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांना पोरंटोरं टाळीकाका म्हणतात. ते बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाले, चहा बिनसाखरेचा घेतात, मुलगा ऐरोलीला असतो, हे सगळं लोकांना ठाऊक आहे. पण ओळख टाळीचीच. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी ते एक टाळी वाजवतात. एकच, कोरडी, खणखणीत. मग मान जराशी तिरकी करून उभे राहतात. यजमान "या, बसा" म्हणत असतो, पण काकांचं लक्ष त्याच्याकडे नसतं. हात थांबले तरी टाळी खोलीत किती वेळ रेंगाळते, ते काका ऐकत असतात. ऐकून झालं की निकाल लागतो. "तुमचा हॉल फार बोलतो हो!"

पाचव्या मजल्यावर एका तरुण जोडप्याने नवीन घर केलं. जमिनीला इटालियन मार्बल, एका भिंतीला छतापर्यंत काच, छताला पीओपी, पडदे नाहीत कारण त्यांनी 'लुक' बिघडतो. वास्तुशांतीच्या दिवशी काकांनी दारातच टाळी वाजवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "दीड सेकंद!" यजमानाला वाटलं कौतुक केलं. तो म्हणाला, "थँक्यू काका, सगळं हिचं सिलेक्शन." जेवणाच्या पंगतीत काका त्याला समजावत होते की या खोलीत दोन माणसं एकदम बोलली तर तिसऱ्याला एकाचंही कळणार नाही. नंतर त्या घरात सासूसुनेचे गैरसमज झाले, त्याचं खापरही काकांनी मार्बलवर फोडलं.

खरी परीक्षा सांत्वनाला जाताना. अशा घरी सोफा आत सरकवलेला असतो, मधली जागा मोकळी, एखादी सतरंजी. म्हणजे घुमायला रान मोकळं. काकांच्या हातांना कंप सुटतो. तेव्हा काकू त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरून बसतात, शेवटपर्यंत सोडत नाहीत. सोसायटीतल्या नव्या नवरानवरींना या जोडप्याचं उदाहरण दिलं जातं, या वयातही किती माया म्हणून.

हे वेड काही जन्मजात नाही. निवृत्तीनंतर काका अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देऊ लागले. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, बँकेत मोठमोठे आकडे मोठ्याने मोजल्यामुळे श्वासही लांब. हॉलमधल्या डायनिंग टेबलावर मोबाइल ठेवायचा, समोर पुस्तक धरायचं आणि वाचायचं. अकरावीचं भूगोलाचं पुस्तक असं पुरं झालं. मग एका विद्यार्थिनीचा फोन आला. भीतभीतच म्हणाली, "काका, राग मानू नका, तुम्ही बाथरूममध्ये बसून वाचता का?"

काका त्या दिवशी जेवले नाहीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कॅश एकदाही कमी भरली नव्हती, आणि आता हे! त्या मुलीने पुढे जे सांगितलं ते मात्र त्यांच्या मनात रुतलं. ही मुलं रेकॉर्डिंग आपल्या वेगाने ऐकत नाहीत. दुप्पट वेगाने ऐकतात, सराव झालेली त्याहूनही वेगाने. अभ्यास डोंगराएवढा आणि दिवस तेवढाच. साध्या वेगात थोडं घुमलेलं कानाला चालून जातं. दुप्पट वेगात आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाच्या तोंडात जाते. 'आयात' की 'निर्यात', हे पहिल्या अक्षरावरच ठरतं, आणि नेमकं तेच अक्षर आधीच्या शब्दाच्या घुमण्याखाली बुडून जातं. मुलीने भूगोलात कोकणाचा तांदूळ निर्यात होतो की आयात, हे तीन वेळा मागे जाऊन ऐकलं होतं.

त्या दिवसापासून काका खोल्यांकडे संशयाने पाहू लागले.

त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे, आणि ऐकून घेण्यावाचून आम्हाला गत्यंतरही नव्हतं, कारण लिफ्ट एकच आहे. डोंगरकड्यापुढे ओरडलं की आपलं नाव वेगळं परत येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कडा सतरा मीटरच्या पलीकडे असला तर जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि कान दोन आवाज सुटे ऐकू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत भिंत हाताच्या अंतरावर. तिथून आवाज परततो तो मूळ शब्दाला चिकटूनच, आणि एकदा नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून लादीवर, लादीवरून स्लॅबवर, दमेपर्यंत. गुळगुळीत गिलावा आणि टाइल्स त्याला दमू देत नाहीत. येईल तो आवाज जवळपास सगळाच्या सगळा परत पाठवतात. मोकळी दहा बाय बारा, दहा फूट उंच खोली घेतली आणि तिचा हिशेब मांडला तर टाळी विरायला कागदावर जवळजवळ तीन सेकंद लागतात. रेकॉर्डिंगला हवेत पॉइंट तीन. दहापट फरक! "बँकेत असा फरक आला असता तर सीबीआय आली असती," काका म्हणतात.

हा हिशेब ज्याने शोधला त्याचा फोटो काकांच्या घरी देवघराशेजारी आहे. सूटबूटवाला गोरा माणूस, कोरून राखलेल्या मिशा. श्रावणात सवाष्ण म्हणून आलेल्या एका बाईंनी देवांबरोबर त्यालाही हात जोडले आणि विचारलं, "हे कुठले महाराज?" काकू म्हणाल्या, "यांचे गुरुजी. अमेरिकेत असतात."

गुरुजींचं नाव वॉलेस सबाईन. हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवीन व्याख्यानगृह बांधलं, देखणं झालं, आणि आत व्याख्यात्याचं एक अक्षर कळेना. १८९५ साली ते निस्तरायचं काम सबाईनच्या गळ्यात पडलं. वय सत्तावीस. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायला सुरुवात केली. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत घड्याळात बघायचं. आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा वाजवायची. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंद घुमणारा आवाज गाद्या भरता भरता सेकंदाच्या जरासा वर आला. सकाळी थिएटर लागायचं, म्हणून पहाटेच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. काकांना यातलं शास्त्र नंतर पटलं, आधी गाद्या पटल्या. हार्वर्डचा प्रोफेसर रात्री गाद्या वाहत होता, तर आपल्याला कसली लाज?

सबाईनने आवाज पिण्याचं माप ठरवलं तेही काकांचं आवडतं. सर्वांत जास्त आवाज कोण पितं? उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परतच येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूचं मोल तो उघड्या खिडकीच्या हिशेबात लावी: इतकी गादी म्हणजे इतकी खिडकी. काकांनी हे वाचलं आणि त्याच क्षणी हॉलच्या तिन्ही खिडक्या सताड उघडून रेकॉर्डिंगला बसले. घुमणं खरोखरच कमी झालं. त्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र 'भारतीय अर्थव्यवस्थेपुढील आव्हाने' या वाक्यानंतर "भंगाऽऽर, जुना पेपर, रद्दी" असं स्वच्छ ऐकू येतं.

खिडक्या बंद झाल्या आणि गाद्यांचा काळ सुरू झाला.

हिशेबाने बारा निघाल्या. तीन बाय सहाच्या, भरीव, कापसाच्या. काकू म्हणाल्या, "बारा? लग्न आहे का कुणाचं?" घासाघीस होऊन सातवर तडजोड झाली; उरलेली कसर गोधड्या, लोड आणि काकूंच्या आईची जुनी वाकळ यांनी भरून काढायची ठरली. दरम्यान दुसऱ्या मजल्यावरच्या पॉडकास्टवाल्या मुलाने काकांना सोपा उपाय सुचवला. त्याने आपली खोली अंड्यांच्या ट्रेंनी मढवली होती. काकांनी टाळी वाजवली, एक ट्रे उपटला, तोंडाला लावला आणि फुंकर मारली. त्यांची कसोटी ही: जिच्यातून हवा जात नाही ती वस्तू आवाज पीत नाही. आवाज म्हणजे हलणारी हवाच; ती कापसाच्या तंतूंत शिरली, घासली, गुंतली की तिथेच संपते. थर्माकोलमध्ये ती शिरतच नाही, म्हणून थर्माकोल दिसायला मऊ आणि कामाला भिंत. ट्रेचा पुठ्ठा तर चार आण्यांएवढा जाड. "वरचा सुसकारा थोडा गेलाय, खालचं ढमढम तसंच आहे," काका म्हणाले. "आधी तुझा आवाज घुमत होता, आता घुमतो आणि त्याला सर्दी झालीय. आणि आगकाडी लांब ठेव." मुलाने इंचभर जाडीचा काळा फोम दाखवला. काका म्हणाले, खर्जातल्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटर लांब असते, तिला तुझा इंच दिसतही नाही. ट्रेचा प्रश्न तिकडे काकूंनीच कायमचा मिटवला होता: "आपल्या घरात अंड्याचं काही येणार नाही. रिकामं असलं तरी."

गादीवाला मिळवणं सोपं नव्हतं. पिंजारी आता दारोदार येत नाहीत. दुकानांत फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या. स्टेशनच्या पलीकडे एका बोळात मशीनवर कापूस पिंजणारे एक वयस्क चाचा सापडले. मी त्या सौद्याला हजर होतो.

"झोपणार किती जण?" चाचांनी विचारलं.

"कोणी नाही. भिंतीला उभ्या करायच्या आहेत."

चाचांनी पिंजण्याचं मशीन बंद केलं. "उभ्या?"

काकांनी सबाईनपासून सुरुवात केली. चाचांनी सगळं ऐकलं आणि एकच वाक्य बोलले, "साहेब, गादी उभी केली की कापूस खाली उतरतो. महिन्यात वरचा निम्मा भाग नुसतं कापड राहील." काकांच्या हिशेबात हे नव्हतं. सबाईनच्याही नसावं, त्याच्या गाद्या पहाटेच्या आत परत जात. मग चाचांनीच तोड काढली: टाके जवळ जवळ घालायचे, एकेका वितीवर, म्हणजे कापूस आपापल्या घरात राहतो, आणि फार ठोकून भरायचा नाही. काकांनी त्यांना तिथल्या तिथे नमस्कार केला. हार्वर्डखालोखाल ते या बोळाला मानतात.

गाद्या आल्यावर त्या कुठे उभ्या करायच्या, यावर आठवडा गेला. काकूंचा हातआरसा घेऊन काका खुर्चीत बसत आणि काकूंनी तो भिंतीवरून हळूहळू सरकवायचा. माइकच्या जागेवरून बघताना आरशात वाचणाऱ्याचं तोंड दिसलं की तिथे खडूची फुली. आवाज प्रकाशासारखाच उडून येतो, म्हणून जिथून तोंड दिसतं तिथूनच पहिला फटका परततो. हे दृश्य समोरच्या इमारतीतून दिसे. नवरा अंधारात बसलाय, बायको भिंतीवर आरसा फिरवतेय आणि फुल्या मारतेय. एका भाविक कुटुंबाने वास्तुदोषाबद्दल विचारणाही केली. काका म्हणाले, दोष आहे, दक्षिणेच्या भिंतीत आहे, एक गादी लागेल.

एक गोष्ट मात्र त्यांनी सगळ्यांपेक्षा वेगळी केली आणि ती बरोबर आहे. लोक माइकच्या मागे फोम लावतात. काकांचा माइक समोरचं ऐकणारा, पाठीमागे ठार बहिरा. तो बघतो वाचणाऱ्याकडे, म्हणजे वाचणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे. तेव्हा जाडजूड गादी आपल्या पाठीशी हवी. आणि माइक वीतभर अंतरावर, तोंडासमोर नाही तर जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ'चा वारा थेट आत शिरत नाही. हातभर अंतराचं वीतभर केलं की खोली तीच राहते, पण आपला आवाज खोलीच्या दुप्पट पुढे येतो. खर्च शून्य. "सात गाद्या आणायच्या आधी हे कळलं असतं तर..." असं काकूंनी एकदा म्हटलं, ते वाक्य काकांनी पूर्ण होऊ दिलं नाही.

गाद्यांनी आतला आवाज थांबतो, बाहेरचा नाही. हे समजायला वरच्या मजल्यावरचा मिक्सर पुरला. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, भिंत लागते. कापूस त्याला वाट देतो. त्यामुळे काका शेवटची लोकल गेल्यावर बसतात आणि पहिली येईपर्यंत वाचतात. इथेही गुरुजींचा आधार आहेच: सबाईनसुद्धा रस्त्यावरच्या ट्रॅम थांबल्यावर मध्यरात्री मोजायला बसे. अंगावरचे कपडेही आवाज पितात हे लक्षात आल्यावर त्याने आधीची मोजमापं बाजूला सारली आणि पुढे दर वेळी तेच कपडे घातले, हिवाळ्यातला निळा कोट वगैरे. काकांनी ते शब्दशः घेतलं. डोंबिवलीचा मे महिना, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद कारण त्याचा घरघराट येतो, चहूकडे कापसाच्या गाद्या, आणि मध्ये अंगात स्वेटर घालून काका 'वस्त्रोद्योगाचे विकेंद्रीकरण' वाचताहेत. काकू दर अर्ध्या तासाने दार उघडून फक्त जिवंत असल्याची खात्री करून घेत.

खोली जमली. काकांनी टाळी वाजवली आणि ती हातातच मेली. आम्हा सगळ्यांना बोलावून ऐकवली. आत बोलताना स्वतःचाच आवाज ओठांपाशी गळून पडतो, उगीच जोरात बोलावंसं वाटतं आणि घसा लवकर दमतो. काकांनी उत्साहाने पहिला धडा पाठवला. मुलीचा फोन आला. "काका, एकदम शेजारी बसून वाचताय असं वाटतं. प्रत्येक अक्षर कळतं." मग थोडी थांबली. "फक्त ते टक् टक् काय आहे?"

ती कवळी होती. इतके दिवस घुमण्याखाली झाकलेलं सगळं उघडं पडलं होतं: कवळीचा टकटकाट, गिळणं, पान उलटणं, खुर्चीची कुरकुर, आणि 'दुष्काळग्रस्त' या शब्दाआधी पोटाने दिलेली हाक. काका दंतवैद्याकडे गेले. त्याच्या दवाखान्यात टाळी वाजवली. कवळी नवीन घट्ट बसवून घेतली. खोलीतून दोन गाद्या बाहेर काढल्या, कारण थोडी जिवंत खोली वाचणाऱ्याला सांभाळून घेते, हे आता त्यांना पटलंय.

पॉडकास्टवाला मुलगा म्हणतो, हल्ली सॉफ्टवेअर घुमणं पुसून टाकतं, एवढा खटाटोप कशाला? काकांनी त्याचं पुसलेलं रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने लावून दाखवलं. शब्दांचे शेवट कुरतडलेले होते. थोडं घुमणं असेल तर यंत्र ते सफाईने काढतं, पण बाथरूम त्यालाही पुरती निघत नाही.

माझं मत विचाराल तर काका शेजारी म्हणून जड आहेत आणि मुद्द्यावर बरोबर आहेत. आपण घरं गुळगुळीत करत चाललो आहोत. पूर्वीच्या घरात सारवलेली जमीन होती, फटीफटीतून आवाज बाहेर सोडणारी कौलं होती, दांडीवर लुगडी आणि कोपऱ्यात वळकट्या होत्या. त्या घरात रेडिओवरच्या बातम्या शेजाऱ्यालाही कळत. आता दीड कोटीच्या फ्लॅटमध्ये आजोबांना टीव्हीवरचं कळत नाही आणि आपण त्यांना कानाचं यंत्र आणून देतो. कान तपासायला जाण्याआधी खोली तपासावी, हे काकांचं म्हणणं निदान एकदा पडदे लावून बघण्यासारखं आहे. पडदा मात्र दुप्पट कापडाचा, चुण्या पडतील असा, आणि भिंतीपासून वीतभर सुटा.

काकांचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक वाचून झालं, सहकाराचं चालू आहे. बाहेर काढलेल्या दोन गाद्या त्यांनी मराठी कथा वाचून देणाऱ्या एका शिक्षिकेला नेऊन दिल्या. तिची खोली मोठी आहे, आणखी तीन-चार लागतील. तेव्हा तुमच्या माळ्यावर जुनी कापसाची गादी पडून असेल तर ती भंगारात काढू नका, सोसायटीच्या वॉचमनकडे निरोप ठेवा. डाग असले तरी चालतील, ढेकूण चालणार नाहीत. फोमची असेल तर फोन करू नका.